सोमवारची उन्हाळी

जगात बायका दोनच प्रकारच्या असतात, लघवीला जळजळ होते असं सांगणाऱ्या आणि जळजळ होत असून न सांगणाऱ्या. जिला जळजळच होत नाही अशी बाई अजून जन्माला यायची आहे, असं ज्यांचं ठाम मत होतं त्या आमच्या आतेसासूबाई. म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. लग्नाची हळद उतरते न उतरते तोच नवरा गेला म्हणून माहेरी परत आलेल्या, आणि आमच्या वाड्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत स्वतःचं राज्य थाटून बसलेल्या. सगळं गाव त्यांना आत्याबाई म्हणे. इतर बायका एकमेकींना भेटल्या की जेवलीस का, लेकराला बरं आहे का, असं विचारतात. आत्याबाई विचारायच्या, ‘साफ होते ना वं?’ काय साफ होते हे विचारायची कोणाला गरज पडत नसे. लग्नाच्या मांडवात, धामणगावच्या बाजारात, एस.टी.च्या रांगेत, कुठंही हा प्रश्न यायचा, आणि आत्याबाईंचा आवाज असा होता की तो प्रश्न एकीला विचारला तरी वीसजणींना उत्तर द्यावंसं वाटायचं. एकदा तर त्या मयताच्या घरी भेटायला गेल्या. बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून बसलेल्या. आत्याबाई सरळ त्या रडणाऱ्या बाईजवळ गेल्या आणि म्हणाल्या, रडून रडून अंगातलं पाणी जाते, मग खाली आग होते, आधी हे पी. बरोबर आणलेला धन्याच्या पाण्याचा तांब्या त्यांनी तिला तिथल्या तिथं प्यायला लावला. माझ्या सासूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती बाई पुढं कितीतरी वर्षं सांगायची की भेटायला अख्खं गाव येऊन गेलं, पण घोटभर पाणी आत्याबाईंनीच पाजलं.

आमच्या वऱ्हाडात या दुखण्याला उन्हाळी लागणं म्हणतात, मग ती ऐन पौषात का लागेना. आणि उन्हाळी का लागते याची कारणं आत्याबाईंकडे जितकी होती तितकी तुरीच्या शेतात दाणे नसतील. तापलेल्या दगडावर बसलं की लागते. एस.टी.त इंजिनाजवळच्या पत्र्यावर बसलं की हमखास लागते. मिरचीच्या ठेच्यानं लागते, तो वाटणारीला जास्त. त्या काळात नायलॉनची पातळं नवीनच निघाली होती, त्यांच्यावर तर आत्याबाईंचा दातच होता. ‘अंगाले वारा लागू देत नाही थे लुगडं,’ म्हणायच्या, ‘आत भट्टी पेटवून देते.’ एका बाईला मूतखडा झाला तेव्हा त्यांनी तिची डाळ निवडून पाहिली आणि खडे नीट काढत नाही म्हणून तिला तिच्या सासूसमोर झापलं. ताटातला खडा पोटातून उतरून तिथं जाऊन बसतो असा त्यांचा सरळ हिशेब. अर्थात सगळंच चुकायचं असंही नाही. गावातल्या एका व्यापाऱ्याच्या बायकोच्या मोरीत मुंग्यांची रांग पाहून त्यांनी जाहीर केलं की हिची लघवी गोड आहे, आणि पुढं खरंच त्या बाईला साखर निघाली. झालं. आत्याबाईंचा भाव असा वाढला की त्या दिसेल त्या मुंगीच्या मागं चालायला लागल्या. आमच्या शेळीलासुद्धा त्यांनी मधुमेह ठरवला होता. शेळीचा गूळ बंद करा म्हणून सासऱ्यांशी भांडल्या. शेळीला गूळ कोणी देतच नव्हतं.

उपाय मात्र त्यांचा एकच ठरलेला: पायाच्या दोन्ही अंगठ्यांच्या नखांना ओला चुना आणि वरून धन्याचं पाणी. चुन्याची डबी त्यांच्या कमरेला कायम असायची, पान खात नसत तरी. जिला पकडतील तिचे अंगठे पांढरे. त्यामुळं आमच्या गल्लीत कोणाच्या पोटाखाली काय चाललंय हे पायाकडं पाहून कळायचं. नळावर, म्हणजे नळ कुठला, विहिरीवर बायका जमल्या की आधी एकमेकींच्या अंगठ्यांकडं पाहायच्या. ज्या दिवशी सगळ्यांचेच पांढरे असत त्या दिवशी कुणीच कुणाला हसत नसे.

या अशा गल्लीत मी सून म्हणून आले. आता मी कशी होते ते सांगते, कारण आठवलं की मलाच हसू येतं. माझे वडील बुलढाण्याला कचेरीत. मी सातवी पास. ‘मले-तुले’ म्हणणाऱ्या लोकांत आपण ‘मला-तुला’ म्हणतो या एका गोष्टीवर मी मान ताठ ठेवून चालायचे. गुलाबी वासाचा साबण मी माहेराहून आणला होता आणि तो सगळीकडं, अगदी सगळीकडं, फासायचे. सुशिक्षितपणाचा वास यायला हवा ना. लघवी हा शब्द मी आयुष्यात उच्चारला नव्हता. लघुशंका म्हणायचे, तेही मनात. आणि सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे मी दिवसभर जायचेच नाही. त्या वेळी गावात घरोघरी सोय नव्हती. बायका अंधार असताना पहाटे गोदरीला जायच्या, म्हणजे गावाबाहेर बाभळींच्या आडाला, आणि मग थेट दिवेलागणीनंतर. मधल्या वेळात पुरुष उठसूट कुठल्याही भिंतीशी उभे राहायचे आणि बायका पोटावर हात ठेवून भाकरी थापायच्या. मी यावर शास्त्रीय उपाय काढला होता, पाणीच प्यायचं नाही. सकाळी अर्धा कप चहा, दुपारी जेवताना दोन घोट. बाकीच्या सुना तांब्याच्या तांब्या पाणी पितात आणि मग चुळबुळ करतात, याचं मला हसू यायचं. मला वाटायचं ही माझी संस्कृती आहे.

आमचे हे जळगाव जामोदला शाळेत मास्तर होते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की गाडी बदलत बदलत संध्याकाळी घरी यायचे, आणि रविवारी दुपारच्या गाडीनं परत. आणि दर सोमवारी मला उन्हाळी लागायची. अशी की बाभळीखाली बसल्यावर डोळ्यांतून पाणी यायचं, थेंब थेंब व्हायचं, झालं तरी झाल्यासारखं वाटायचं नाही. मी कोणाला सांगितलं नाही. दात आवळून ‘डोकं दुखतं’ म्हणायचे. सासूबाईंना संशय आला तेव्हा त्यांनी ठरवलं की हा सोमवारच्या उपासाचा दोष, शेंगदाणे उष्ण पडतात. मला स्वतःला वाटायचं की उपासाच्या दिवशी मनात काहीबाही येतं म्हणून महादेव शिक्षा करतो. आत्याबाईंनी मात्र माझी चाल पाहिली, गुरुवारी पाहिली, मग पुन्हा सोमवारी पाहिली, आणि अंगणात सासूबाईंच्या देखत निकाल दिला.

‘वहिनी, हे शेंगदाण्याचं नाही. हे मास्तरचं हाय.’

सासूबाई म्हणाल्या, तुम्हाले काय माहीत वन्सं, तुमचा संसार तो केवढा झाला. आत्याबाईंनी ते लागू दिलं नाही. म्हणाल्या की आपला झाला नाही म्हणूनच दुसऱ्यांचे नीट पाहिले. ज्या सुनांचे नवरे रोज घरी असतात त्यांना हे नवेपणी होतं आणि मग बसतं, पण जिचा नवरा आठवड्यानं येतो तिला दर आठवड्याला नव्यानं होतं. मी त्या वेळी माठामागं उभी होते. वाटलं, माठ फुटावा आणि मी त्यात वाहून जावं. आत्याबाई चुन्याची डबी काढून माझ्याकडं वळल्या तशी मी पाय लुगड्यात ओढून घेतले आणि ‘मला काही झालेलं नाही’ असं इतक्या शुद्ध भाषेत सांगितलं की त्या डबी बंद करून निघून गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या की पोरी, लाजेनं आग विझत नसते.

विझली नाहीच. एका मंगळवारी थंडी वाजून ताप भरला आणि कमरेच्या वर, पाठीत, असं दुखायला लागलं की मला वाकता येईना. सासूबाई म्हणाल्या हिवताप. आत्याबाई म्हणाल्या, आग वर चढली. दोघींचं एकमत एवढ्यावरच झालं की मलकापूरच्या डॉक्टरकडं न्यायला पाहिजे. सासूबाईंनी जाताना मला आतल्या खोलीत घेऊन बजावलं की डॉक्टर बाप्या माणूस आहे, घरची लाज राखून बोल. मला ते सांगायची काहीच गरज नव्हती. मी जीव द्यायला तयार होते, तो शब्द द्यायला नव्हते.

आत्याबाई बरोबर आल्या. एस.टी.त मला त्यांनी पत्र्याजवळ बसू दिलं नाही, एका धडधाकट माणसाला उठवून त्याची जागा मला दिली, आणि त्यानं कुरकुर केली तेव्हा सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं कारण त्याला सांगायला सुरुवात केली. तो पुढच्या थांब्यावर उतरून गेला. दवाखान्यात गेलो तर बाकावर आमच्या गावची कासारीण बसलेली. बांगड्यांचा माल भरायला मलकापूरला आली होती आणि काचेनं बोट कापलं म्हणून पट्टी करून घ्यायला थांबली होती. कासारीण म्हणजे गावातल्या प्रत्येक घरात आतपर्यंत जाणारी आणि प्रत्येक घरातलं बाहेरपर्यंत आणणारी बाई. डॉक्टरांचं टेबल आणि तो बाक यांच्यामध्ये नुसता एक पडदा होता, तोही आखूड. तिला पाहून माझ्या तोंडचं होतं नव्हतं ते पाणीही पळालं.

डॉक्टर तरुण, चष्मेवाले, बोलायला सौम्य. काय त्रास होतो, त्यांनी विचारलं. डोकं दुखतं, मी म्हणाले. अजून काय? मी विचार केला आणि म्हणाले, डोकंच. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, जीभ पाहिली आणि डोकेदुखीच्या गोळ्या लिहायला घेतल्या. मी उठणार तेवढ्यात आत्याबाईंनी मला दंडाला धरून स्टुलावरून उठवलं आणि स्वतः त्यावर बसल्या.

‘डॉक्टरसायेब, हिचं डोकं राहू द्या. आधी मले पाहा. मले लघवीले आग होते.’

‘कधीपासून, आजी?’

‘सोमवारपासून. दर सोमवारपासून.’

डॉक्टरांनी नाडी पाहिली. ताप येतो का विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, थंडी वाजून येतो, पाठीत कळ मारते, आतासुद्धा अंगात आहे. डॉक्टर म्हणाले, आजी, तुमचं अंग तर गार आहे. त्यावर आत्याबाईंनी माझा हात ओढून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, माझा ताप इथं पाहा. डॉक्टरांनी हात पाहिला, मग सवयीनं पुढचा प्रश्न विचारला, पाळी कधी आली होती? आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं. ‘मागच्या अमावस्येच्या आसपास,’ त्या म्हणाल्या. तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा मान वर करून त्यांच्या डोक्यावरच्या पांढऱ्या केसांकडं नीट पाहिलं.

‘वय काय तुमचं?’

‘धरा वीस.’

‘आणि मालक?’

‘मास्तर हाय. जळगाव जामोदले. शनवारी येते, रविवारी जाते. म्हणून तं सोमवारी होते ना बाप्पा, तुमाले समजून नाही राह्यलं काय?’

पडद्यापलीकडं बाक करकरला. डॉक्टरांनी आत्याबाईंच्या पांढऱ्या कपाळाकडं पाहिलं, मग माझ्या कपाळावरच्या रुपयाएवढ्या कुंकवाकडं पाहिलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि त्या भल्या माणसानं पुढचा एकही प्रश्न मला विचारला नाही. सगळे आत्याबाईंनाच विचारले. आजी, दिवस गेलेत का? आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली, त्या म्हणाल्या नाही. नक्की? पुन्हा पाहिलं, या वेळी मला काय करावं कळेना म्हणून मी खांदे उडवले. ‘नक्की नाही सांगता येत,’ आत्याबाई म्हणाल्या, ‘पण लक्षण नाही.’ लघवीसाठी बाटली त्यांनी आत्याबाईंच्या हातात दिली, ती आत्याबाईंनी माझ्या हातात दिली, मी मागं जाऊन आणली, ती पुन्हा आत्याबाईंच्या हातून डॉक्टरांकडं गेली. त्यांनी नळीत घालून दिव्यावर तापवली तर ती ताकासारखी फुटली. मूत्रपिंडापर्यंत पोचायला लागलंय, ते म्हणाले, आणखी आठ दिवस लपवलं असतं तर आजी, तुम्हाला जड गेलं असतं. आत्याबाईंचा चेहरा त्या वेळी खरंच असा उतरला की जणू दुखणं त्यांचंच होतं. मग गोळ्या दिल्या आणि आजींना पथ्य सांगितलं, अगदी सावकाश, मला सगळं ऐकू येईल असं. पाणी भरपूर प्यायचं. लघवी धरून ठेवायची नाही, दिवसाही नाही. वासाचा साबण तिथं लावायचा नाही. आणि मास्तर येतील तेव्हा, नंतर उठून लघवीला जाऊन यायचं, आळस करायचा नाही.

‘इतक्या रातचं? गोदरीवर?’ आत्याबाईंनी विचारलं. डॉक्टर पुन्हा गोळ्या मोजायला लागले. पुस्तकात त्याचं उत्तर नसावं.

उत्तर आत्याबाईंनी काढलं. घरी आल्या आल्या त्यांनी सासऱ्यांना सांगितलं की मला आता म्हातारपणी बाभळीपर्यंत जाणं होत नाही, गोठ्यामागं आडोसा पाहिजे. सासऱ्यांनी गड्याकडून पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, कूड बांधून घेतला, खाली फरशी टाकली. आत्याबाई तिकडं कधी फिरकल्यासुद्धा नाहीत. मला मात्र दर तासाला हाका मारायच्या, ‘सूनबाई, माह्या मोरीत पाणी टाकून ये वं.’ मी तांब्या घेऊन जायचे. गोळ्यांनी ताप उतरला, पाठ मोकळी झाली, आणि एका सोमवारी मला दुपारपर्यंत आठवलंच नाही की आज सोमवार आहे.

पण माझा ताप उतरायच्या आधीच कासारणीच्या बोटाची पट्टी आणि तिचं तोंड दोन्ही सुटलं होतं. गावभर झालं की आत्याबाईंचा मालक शनवारी येतो. म्हातारी स्वतः डॉक्टरला सांगत होती, कासारणीनं स्वतःच्या कानांनी ऐकलेलं. शनवारी येणारा एक मास्तर आमच्याच घरात आहे हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, म्हातारीचा मालक म्हटल्यावर पुढचं कोण ऐकतं. येणारा मास्तर आहे एवढंही कळल्यामुळं आमच्या गावच्या शाळेतले विधुर हेडमास्तर, बिचारे दम्याचे पेशंट, शनिवारी आमच्या गल्लीतून जायचे बंद झाले. ज्यांना हे पटलं नाही त्यांनी ठरवलं की मेलेला नवराच येतो, आणि आत्याबाईंच्या दाराला कोणीतरी लिंबू-मिरची बांधून गेलं. आत्याबाईंनी त्या मिरच्या ठेच्यात घातल्या. विहिरीवर कोणी आडून विचारलं तर त्या म्हणायच्या, येऊ दे की, कोणाच्या घरचं खाऊन राह्यला? हसायच्या. पण सासऱ्यांना हसू आलं नाही. त्यांनी बहिणीशी बोलणं टाकलं. रोज दुपारी तिच्या ओट्यावर बसून चहा प्यायचे, तो बंद केला. सासूबाईंना खरं ठाऊक होतं, पण सुनेची लाज राखायची म्हणून त्या ते उलगडून सांगेनात. आत्याबाई दुपारी दोन कप चहा करायच्या आणि एक शेळीला पाजायच्या. मी म्हटलं, मी मामंजींना खरं सांगते. आत्याबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाल्या, तू नवी पोर आहेस, तुझं नाव व्हायचं आहे. माझ्या नावाचं आता काय लोणचं घालायचंय.

तरी ते दोन कप मला बघवेनात. चैत्रात आमच्या अंगणात कुरडया घालायला सगळी गल्ली जमली. कासारीणसुद्धा होती, सोऱ्या फिरवत होती. आत्याबाई एका कडेला चीक ढवळत होत्या आणि कोणीतरी हळूच म्हणालं, आज शनवार हाय, आत्याबाईले लौकर घरी जाऊ द्या. सगळ्याजणी खालमानेनं फिदीफिदी हसल्या. मी उभी राहिले. हात चिकानं भरलेले. म्हणाले, लघुशंकेचा दाह मला होत होता. सगळ्या माझ्याकडं पाहत राहिल्या. सासूबाईंनी शेजारणीला विचारलं, काय म्हणते वं हे? तेव्हा मी डोळे मिटले आणि आयुष्यातलं पहिलं वऱ्हाडी वाक्य बोलले.

‘मुतायले आग मले होत होती. आत्याबाईले नाही. अन् शनवारी येते थो माहा नवरा.’

आवाज जरा जास्तच लागला असावा. ओसरीवर सासरे पंचांग पाहत बसले होते, ते खोकले. कासारणीच्या हातातला सोऱ्या थांबला आणि कुरडईचं तोंड वाकडं झालं. मग कडेची एक सून कुरडयांकडं बघत म्हणाली की ते गोठ्यामागचं, तिथं आम्ही आलो तर चालेल का. सासूबाईंनी तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाल्या, येताना आपला तांब्या आणा. त्या दुपारी सासरे उठून बहिणीच्या ओट्यावर जाऊन बसले. त्यांनी चहासाठी कप पुढं केला.

मला वाटलं आत्याबाई मला पोटाशी धरतील. त्या फुगून बसल्या होत्या. चुलीपाशी गेले तर मान वर न करता म्हणाल्या, काऊन सांगितलं वं? बरं चाललं होतं. मी हसले. त्या हसल्या नाहीत. थोड्या वेळानं, लाकूड पुढं सरकवत, म्हणाल्या की खोटं नाही बोलत पोरी, त्या डॉक्टरला शनवारी येते म्हणून सांगितलं ना, तवा मले वाटलं, खरंच येऊन राह्यला कोणी. गावानं चिडवलं की बरं वाटे. इतक्या वर्षांत माह्या माणसाचं नाव कोणी काढलं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्या धुतलेलं लुगडं नेसून आमच्या ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसल्या. मी का म्हणून विचारलं नाही. पुढंही कित्येक शनिवार त्या तशाच यायच्या, इकडची तिकडची कारणं सांगत बसायच्या, कोणाच्या सुनेला काय झालं, कशानं झालं. धामणगावकडून धूळ उठली की बोलता बोलता थांबायच्या. गाडी फाट्यावर यायची, उतरणाऱ्यांत आमचे हे दिसायचे, लाजून खाली मान घालून चालणारे, कारण आता अख्ख्या गावाला ते कशाला येतात ते ठाऊक होतं. आत्याबाई ते जवळ येईपर्यंत नीट पाहायच्या, मग गुडघ्यावर हात टेकून उठायच्या.

‘आला वं तुहा,’ म्हणायच्या, आणि आपल्या घरी जायच्या.